गंगव्वाची शिवी

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात आता पत्रा औषधालाही सापडत नाही. सगळीकडे स्लॅब पडले, वर काळ्या टाक्या बसल्या. पण गल्लीत मोबाइल एखाद्याच्याच खिशात असायचा आणि तोही शेजाऱ्यांसाठीच जास्त वाजायचा, त्या दिवसांत गंगव्वाच्या स्वयंपाकघरावर चांगला लांबरुंद पत्रा होता. गणेश चतुर्थीच्या रात्री त्या पत्र्याला जो मान होता, तो कोपऱ्यावरच्या मंडळाच्या गणपतीलाही नव्हता.

त्याचं कारण असं. चौथीचा चंद्र बघू नये, बघितला तर वर्षाच्या आत चोरीचा खोटा आळ येतो, हे लहान पोरालाही ठाऊक. पण चुकून दिसलाच तर? तर शेजाऱ्याच्या पत्र्यावर खडा टाकायचा आणि अंधारात दबा धरून बसायचं. शेजारी तणतणत बाहेर येतो, शिव्यांची लाखोली वाहतो. ती निमूट ऐकून घेतली की आळ फिटला. आता शिवी खायचीच आहे तर ती चांगल्या ठिकाणची खावी, ही कोल्हापूरची रीत. आणि गंगव्वासारखी शिवी साऱ्या पेठेत कुणाकडे नव्हती.

गंगव्वा निपाणीकडची. रागावली की मराठी तिला अपुरी पडायची, मग ती कानडीत शिरायची आणि येताना तिथलं ठेवणीतलं काहीतरी घेऊन यायची. चतुर्थीला दिवे लागले की ती मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायची आणि सोप्यात पाट टाकून बसायची. तालमीतली पोरं मुद्दाम मान वर करून चंद्र बघत आणि खडे घेऊन हजर होत. पहिला खडा खणकला की म्हातारी कमरेला पदर खोचून अंगणात. "कुणाचा मुडदा बशिवलाय रं? तुझ्या चुलीत मांजर व्याली! निन बायाग मण्ण बीळ्ली!" म्हणजे तोंडात माती पडो. अंधारात पोरं पोट धरून हसत आणि वर्षभराचं निर्धास्त होऊन घरी जात.

गल्लीत एकच घर असं होतं, जिथून आजवर कधी खडा आला नव्हता. ते शालूबाईचं, भिंतीला भिंत लागून. शालूबाई चंद्र बघणाऱ्यातली नव्हतीच. चतुर्थीला ती दुपारीच पश्चिमेच्या खिडक्या लावून घ्यायची, झरोक्यात पोतं कोंबायची आणि रात्री परसात जायचं झालं तरी पदर नाकापर्यंत ओढून, जमिनीकडे बघत जायची. शकुन, मुहूर्त, राहुकाळ यांचा तिला भारी सोस. सकाळी टीव्हीवर एक टिळेवाला राशिभविष्य सांगायचा, ते ऐकल्याशिवाय ती चहाचं आधण ठेवत नसे.

गंगव्वाचं नेमकं तिथंच अडलं होतं.

तिची नात सौंदर्या आणि शालूबाईचा मुलगा शिवशरण यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. जात एक, गल्ली एक, भिंतसुद्धा एक. मुलाचे वडील गणपतराव तर खूश होते. पण गणपतराव खूश असले काय नि नसले काय, त्या घरात मत शालूबाईचं चालायचं. शालूबाईनं महाद्वार रोडच्या एका ज्योतिषाला सौंदर्याची पत्रिका दाखवली. सातव्या घरात मंगळ निघाला.

"पोरगी गुणाची हाय मावशी, मी न्हाय म्हणत न्हाय," शालूबाई भिंतीवरून म्हणाली, "पर मंगळ कडक हाय. नवऱ्यावर न्हाय आला तर सासूवर येतोय म्हणं."

"आगं, राहायचं मंगळवार पेठेत आन् भ्यायाचं मंगळाला!" गंगव्वा म्हणाली. "आन् आपल्या लिंगायतांत पत्रिका कवापासनं आली? गळ्यात लिंग हाय न्हवं तुझ्या?"

शालूबाईनं गळ्यातल्या लिंगाला हात लावून नमस्कार केला आणि तरीही नाहीच म्हटलं. वर सांगितलं की शिरोळची एक मुलगी सांगून आली आहे, गौरी बोळवल्या की सुपारी फोडायला जाणार. त्या दिवसापासून शिवशरण जेवेना आणि सौंदर्या भांडी घासताना इतकी आपटायची की गंगव्वाची दोन पातेली चेपली. नातीचं तोंड बघून म्हातारी ती स्वतःच ठोकून सरळ करत बसायची.

हे साल दोन हजार तीन. त्या वर्षी मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला होता की तसा म्हणे साठ हजार वर्षांत आला नव्हता. पेपरात रोज त्याचंच. गंगव्वाच्या वरच्या खोलीत प्रसेनजीत नावाचा तरुण भाड्यानं राहायचा. कॉलेजात शिकवायचा, म्हणून गंगव्वा त्याला मास्तर म्हणायची. त्याच्याकडे त्यानं स्वतः जुळवलेली एक दुर्बीण होती, आणि महिना लागला की या महिन्यात आकाशात काय काय दिसणार हे तो विचारो न विचारो सगळ्यांना सांगत सुटायचा.

"आज्जी, या महिन्यात गुरू आणि शुक्र सूर्याच्या आड गेलेत," तो म्हणाला. "शनी बघायचा तर पहाटे उठायला पाहिजे. रात्रभर दिसणारा एकटा मंगळ."

"गुरू न्हाय, शुक्र न्हाय आन् मंगळ तेवढा रातभर," गंगव्वा म्हणाली. "ही आमच्या घराचीच पत्रिका सांगतोयास की रं."

"आमच्यात पत्रिका बघत नाहीत, आज्जी."

"मग तुझं लगीन काय बघून ठरवणार?"

"पगार."

"त्यो तरी कुठं धड हाय?" असं म्हणून गंगव्वा गुडघ्यावर हात टेकत गच्चीवर गेली. त्या दिवशी ढग फाटले होते. तिनं एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला. आधी तिला स्वतःची पापणीच दिसली. मग आतल्या काळोखात काहीतरी थरथरत स्थिर झालं. लहानपणी मिळायची ती केशरी लिमलेटची गोळी, तेवढंच. आणि वरच्या कडेला साखरेचा एक पांढरा कण चिकटलेला.

"ते बर्फ आहे, आज्जी. मंगळाच्या ध्रुवावरचं."

गंगव्वा बराच वेळ डोळा काढेना. "ह्यो व्हय त्यो?" ती शेवटी म्हणाली. "आगं बया, ह्यो तर खिशात घालण्याजोगा हाय. आन् ह्येनं माझ्या पोरीचं लगीन अडवलंय!"

तिच्या मनानं घेतलं की शालूबाईनं हा एकदा डोळ्यांनी बघितला पाहिजे. साप समजून भ्यायचं आणि उजेड आणला की दोरी, तसं होईल. तिनं भिंतीवरून आमंत्रणं धाडली. शालूबाई म्हणाली, मंगळाच्या नजरेला नजर द्यायची? छे! पण त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या बायका एकेक करून दुर्बिणीतून बघून आल्या. नळावर दुसरा विषय निघेना. कुणी म्हणालं तांबूस, कुणी म्हणालं झेंडूच्या रंगाचा. मध्येच शालूबाईला कुणी विचारलं, तुम्हाला कसा दिसला? आणि तिला घागर उचलून घरी यावं लागलं. गल्लीनं बघितलेली गोष्ट आपण बघितली नाही, हे दुःख शालूबाईला मंगळापेक्षा जड होतं.

शेवटी शालूबाई तयार झाली, तर आभाळ भरून आलं. पावसाची भुरभुर लागली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घटकाभर उघडलं तेव्हा गंगव्वा कसलासा विचार करत एकटीच गच्चीवर गेली, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली. जिना चढून वर आलं की तोंड पश्चिमेला व्हायचं. गवंड्यानं उतार चुकवल्यामुळं समोरच पाणी साचलं होतं. गंगव्वानं पाण्याकडे बघितलं, मग पश्चिमेच्या आभाळाकडे, मग पुन्हा पाण्याकडे. एक पायरी खाली उतरली, परत वर आली. आणि तोंडाला पदर लावून हसली.

चतुर्थीला सकाळी तिची सून शिवलीला खराटा घेऊन निघाली. "गच्चीवरचं पाणी लोटून येते, आत्ती."

"सणाचं कुठं वर जातीस?" गंगव्वा म्हणाली. "मोदकाचं पीठ मळ. पाणी काय पळून जातंय का?"

गणपती बसला, आरती झाली, जेवणं झाली. संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. गंगव्वानं भिंतीवरून हाक दिली, "शालू! आज दिसतोय बघ मंगळ. उद्या पुन्यांदा ढग."

"आज? चौथीचं? चंद्र असंल की वर!"

"चंद्र पश्चिमेला, काकू," प्रसेनजीत म्हणाला. त्या भाबड्याला कशाचाच पत्ता नव्हता. "मंगळ पूर्वेला. तुम्ही चंद्राकडे पाठ करूनच बघणार."

"मी हात धरून नेतो," गणपतराव म्हणाले. "तू आपली खाली बघून चल."

शालूबाई अर्धा तास आत-बाहेर करत राहिली. शेवटी नळावरच्या बायकांनी तिला ओढत आणलं म्हणायचं. त्या तिथं नव्हत्या, पण त्यांची तोंडं तिच्या डोळ्यांसमोर होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, नजर जमिनीला खिळलेली, अशी ती एकेक पायरी चाचपत चढली. मागं गणपतराव, शिवशरण, सौंदर्या. वर गंगव्वा हात जोडून उभी, जशी काही पावणीच आली.

शेवटच्या पायरीवर शालूबाईनं पाय ठेवला आणि अगदी काटेकोरपणे खाली बघितलं.

समोर, पाण्यात, चौथीचा चंद्र. कोयरीसारखा, लख्ख, हललासुद्धा नाही.

"आगं आई आई आई!"

शालूबाई अशी वळली की गणपतराव दोन पायऱ्या खाली गेले. दुर्बीण, मंगळ, सगळं राहिलं बाजूला. "दिसला! मला दिसला! पाण्यात दिसला!"

"पाण्यातला धरत न्हाईत," गणपतराव पाय चोळत म्हणाले.

"तसं कसं?" गंगव्वा काळजीच्या सुरात म्हणाली. "आमच्यात तर पाण्यातला वाईट म्हंत्यात. वरचा लांब तरी असतोय. ह्यो पायाशी आलता."

नेमकं त्याच वेळी प्रसेनजीत खाली वाकून काहीतरी शोधत होता. "कुणी माझ्या दुर्बिणीचं झाकण घेतलं का हो?"

शालूबाईनं छातीवर हात ठेवला. "बघा! बघा! लागला आळ! पायरी उतरायच्या आत लागला!"

झाकण प्रसेनजीतच्याच खिशात निघालं. पण तोवर शालूबाई घरी जाऊन दार लावून बसली होती.

गंगव्वा खाली आली. तिनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, सोप्यात पाट टाकला आणि सौंदर्याला म्हणाली, "आता काय बी झालं तरी मला शिवी दे म्हणायचं न्हाय. कळलं?"

"म्हणजे? काय करणार तू, आज्जी?"

"सोयरीक."

मंडळाची आरती संपत आली होती, तेव्हा पत्र्यावर पहिला खडा पडला. तालमीच्या पोरांचा खडा कसा धाडकन पडायचा. हा घाबरत घाबरत पडला, आणि त्याच्या पाठोपाठ भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. गंगव्वा अंगणात गेली. सगळी गल्ली कान देऊन थांबली.

"कोण हाय गं बाई?" गंगव्वा साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली. "देव तुझं भलं करो. मोदक खाऊन जा."

गल्लीत कुजबुज झाली. म्हातारीला बरं नाही की काय?

दुसरा खडा पडला. जरा मोठा.

"लक्ष्मी आली जणू माझ्या दारात. शंभर वर्सं जग गं माझे माय."

तिसरा खडा. "हात दुखला आसंल बाई तुझा. तेल लावून देऊ का चोळून?"

पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. मग चपला वाजल्या. शालूबाई मागच्या दारानं समोर जोतीरामच्या घराकडे गेली आणि तिनं त्याच्या पत्र्यावर खडा टाकून बघितला. पण जोतीरामला कमी ऐकू यायचं. दुसरा टाकल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, "पाऊस आला वाटतं," आणि आत गेला. शालूबाई परत भिंतीशी आली. आता लपण्यात काही अर्थ नव्हता. तिनं टाचा उंचावून भिंतीवरून डोकं काढलं.

"मावशी, आवो, एक शिवी द्या की! सगळ्या गल्लीला देताय, मला एक जड झाली व्हय?"

"तुला कशी देऊ, शालू?" गंगव्वा म्हणाली. "ती पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढल्यात. शिवी आपल्या माणसाला देत्यात. परक्याला कुणी देतंय का? उद्या तू शिरोळची इहीण करणार. शिव्या देण्याचा मान तिचा. तिच्याकडं जा, ती देईल पोटभर."

"शिरोळला जाऊस्तवर पुन्यांदा आळ येईल की माझ्यावर!"

"मग मोदक घे."

"आज्जी!" दाराआडून सौंदर्या कळवळली. "दे की गं एक! चिडून आत गेल्या म्हणजे सगळंच गेलं!"

"तू गप बस, पातेली फोड जा." गंगव्वा भिंतीजवळ सरकली. तिचा आवाज उतरला. "शालू, मी तुझ्या भल्याचं इचारते. चौथीच्या चंद्राची बाधा एका म्हातारीच्या शिवीनं उतरती. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"चंद्र केवढा? ह्येवढा. डोळ्यांनी दिसतोय, रोज मोठा हुतोय. मंगळ केवढा? मी बघितलाय, लिमलेटच्या गोळीयेवढा. मग चंद्राला जी शिवी चालती, ती ह्या गोळीला चालंना व्हय? तुझ्या शिवीसंगं त्याला बी एक देते. दोन्ही एकदम उतरत्यात. पर देणार ते इहिणीला. शेजारणीला न्हाय."

पलीकडे गणपतराव खाकरले. "शालू, मावशींचं शास्त्राला धरून हाय," ते म्हणाले. लग्न झाल्यापासून बायकोसमोर त्यांनी असं स्वतःहून वाक्य टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आई," शिवशरण हळूच म्हणाला, "पेपरवाला उद्या पैसे मागायला येणार हाय. चोरलं म्हणाला तर?"

शालूबाईनं मुलाकडे बघितलं, दाराआडच्या सौंदर्याकडे बघितलं, आणि पत्र्याकडे बघितलं. वर चंद्र अजून होता. तो तिनं बघितला नाही.

"केली सोयरीक!" ती एकदम ओरडली. "पोरगी माझी झाली! साऱ्या गल्लीच्या देखत सांगते, शिरोळला न्हाय जात! आता तरी तोंड उघडा, मावशी!"

गंगव्वानं पदर कमरेला खोचला. घसा साफ केला. आणि उघडलं.

"आगं ए भवाने! सटवे! कैदाशिणी! माझ्या पत्र्यावर खडं टाकतीस? तुझ्या हाताला मुंग्या आल्या, तुझ्या चुलीत मांजर व्याली! टीव्ही बघून बघून डोळं फुटलं तुझं, तवा माझ्या पोरीत तुला खोट दिसली व्हय गं? तुझ्या सात पिढ्यांत असली सून आलती का? झरोक्यात पोतं कोंबतीस, ते टकुऱ्यात कोंब जा, तिथं जागा लई हाय! म्हसोबाची म्हैस! निन बायाग मण्ण बीळ्ली!" मग ती कानडीत गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

शालूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून, हात जोडून ऐकत होती. गालावरून पाणी वाहत होतं. देवळातून बाहेर पडताना माणसाचा चेहरा व्हावा तसा तिचा झाला होता. गल्लीत टाळ्या पडल्या. तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

दम घेऊन गंगव्वा पूर्वेकडे वळली. समोरच्या घरावर मंगळ कासराभर वर आला होता, निखाऱ्यासारखा.

"आन् तू रं, तांबड्या! साठ हजार वर्सांनी पावणा म्हणून आलास आन् आल्या आल्या दुसऱ्याच्या सोयरिकीत तंगडी घालतोस? तुझ्या त्या पांढऱ्या टोपीला आग लागली! नीघ! आल्या वाटंनं नीघ!"

"आज्जी," वरून प्रसेनजीत म्हणाला, "तो खरंच आता लांब लांबच जाणार आहे. चार दिवसांपासून निघालाय."

"बघ शालू, शिवी तोंडात हुती तवाच निघाला!"

चंद्र मावळल्यावर शालूबाई पुन्हा गच्चीवर आली. या वेळी तिला कुणी ओढलं नाही. तिनं डोळा लावला, मंगळ बघितला, आणि "एवढुसाच की हो," असं म्हणून सौंदर्याला जवळ ओढून तिलाही दाखवला. सौंदर्यानं तो आधी पाच-सहा वेळा बघितला होता. पण ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघू लागली.

मग शालूबाई जिन्याकडे निघाली. पाण्यापाशी थांबली. कोपऱ्यात खराटा कोरडाठाक उभा होता. तिनं खराट्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून पश्चिमेकडे तोंड केलं. तिच्या ओठांचा चंबू झाला. ती सावकाश वळली.

"मावशी, पाऊस काल रातीच थांबलेला न्हवं?"

"व्हय की."

"मग सणाचं हे पाणी कुणी लोटलं न्हाय?"

गंगव्वा मंगळाकडे बघत राहिली.

शालूबाईनं आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती. ती कशी द्यायची, हेच तिला नीट ठाऊक नव्हतं. तोंड उघडून मिटलं, पुन्हा उघडलं. "थेरडे!" ती शेवटी म्हणाली. "लबाड थेरडे! तुझी... तुझी सगळी पातेली चेपली!"

गंगव्वाचा चेहरा उजळला. ती लगबगीनं पुढं आली आणि शालूबाईचे दोन्ही हात धरले.

"आजून एक दे, इहिणी," ती म्हणाली. "जरा दमाची दे. तू यायच्या आधी मी बी वाकून बघितलाय, पाण्यात नीट दिसतोय का न्हाय ते. आन् मला ह्या गल्लीत शिवी द्यायला कोण धजतंय?"